बंदुकीचा धनी

कुंभारवाड्याच्या आसपासच्या वाड्या मिळून घरं असतील साठ-सत्तर, आणि बंदूक एकच. ती गुणा वेळिपाची. एकनळी, ठासणीची. तोंडातून माप भरून दारू ओतायची, काथ्या कोंबायचा, शिशाची गोळी सारायची, गजानं ठासायचं, मागं ठिणगी पाडणारी टोपी बसवायची आणि मग घोडा ओढायचा. एका बाराला एवढी खटपट. पण सरकारनं शेतराखणीचा परवाना दिला होता तो गुणाच्या नावावर, आणि त्या कागदाच्या जोरावर गुणा गेली वीस वर्षं वाडीत ताठ मानेनं फिरत होता. दसऱ्याला देवळात बुदवंताच्या, म्हणजे गावच्या मुख्य माणसाच्या, शेजारी त्याचं पान. डुक्कर पडलं की मुंडी त्याची. कागदाला वाळवी लागू नये म्हणून तो बांबूच्या नळकांड्यात, आणि नळकांडं चुलीवर, धुरात टांगलेलं. बायको वारली तेव्हासुद्धा गुणानं आधी नळकांडं जागेवर आहे का ते बघितलं, असं लोक सांगत. लोक काय, काहीही सांगतात. पण हे खरं असावं.

गुणाला मुलगा एकच, परशू. कॅसलरॉकला पहिली गाडी आली त्या पावसाळ्यात जन्मलेला. आता त्याला दोन मुली होत्या. नांगर तो धरी, बांध तो घाली, जंगलखात्याच्या कामावर सागवानाचे ओंडके तो ओढी. अंगानं बापापेक्षा दीडपट. पण खुंटीवरच्या बंदुकीकडं त्याचा हात गेला की गुणा अंगणातून ओरडे, "ए पोरा! लांब हो." बायकोदेखत, मुलींदेखत. परशू हात मागं घेई.

बंदुकीची एक रीत होती. ती भरली की धन्यानं देवळातल्या देवीच्या लुगड्याचा लाल दोरा चापाला बांधायचा. दोरा दिसला की बंदूक भरलेली, नाही दिसला तर रिकामी. बार काढला की दोरा सोडून परत नळकांड्यात. आणि दोरा बांधायचा हक्क धन्याचाच. दुसऱ्या कुणी बांधला तर ते धन्याला जितेपणी पुरल्यासारखं, असं सगळे मानत. गुणानं वीस वर्षं तो दोरा स्वतःच्या हातानं बांधला आणि स्वतःच्या हातानं सोडला.

त्या साली भात निसवलं आणि डुकरं आली. संध्याकाळी सूर्य डोंगराआड गेला की रानाच्या कडेनं एकेक उतरायचं. गुणा मचाणावर बसे. बार निघे, आवाज डोंगरावर आपटून परत येई, आणि सकाळी बघावं तर भात भुईसपाट. लोंब्या चघळून थुंकलेल्या, मातीत मिसळलेल्या.

"काल लागली एकाला," गुणा म्हणाला. तो बांधावर काठी टेकून उभा होता. "वरल्या बांधाला रगत असंल बघ."

परशू आणि त्याची बायको सुंदरी आडवं झालेलं भात हातानं उभं करत होते. दोघांच्या पोटऱ्यांना जळवा लागलेल्या. परशू वर जाऊन आला. रक्त नव्हतं. गोळी होती, ती बांधावरच्या फणसाच्या बुंध्यात, परशूच्या डोक्याच्या वर हातभर. एवढ्या उंचीवर डुक्कर नसतं. त्यानं कोयत्याच्या टोकानं गोळी उकरून काढली आणि कमरेला खोचली. वितळवून परत होईल.

"हाय का रगत?"

"हाय," परशू म्हणाला. "थोडं हाय."

सुंदरीनं नवऱ्याकडं बघितलं आणि परत वाकली. तिला सगळं माहीत होतं. सासऱ्याला ताटातली चटणी दिसत नव्हती, बोटानं चाचपून घ्यायचा. अंगणात नात उभी असली तर "कोन हाय गं?" म्हणून विचारायचा आणि वर हसायचा, जशी काही थट्टाच केली. दोन वर्षं झाली होती डोळ्यांवर पडदा आल्याला. घरात त्याबद्दल कुणी तोंड उघडत नव्हतं. बोललं असतं तर बंदुकीचं काय, हा प्रश्न आला असता.

तो प्रश्न मग सरकारनंच विचारला. पाटलाचा कोतवाल सांगून गेला की परवानेवाल्यांनी हत्यार घेऊन स्वतः सुप्याला हजर व्हायचं, नवे साहेब तपासणार. म्हातारे, आंधळे, हात थरथरणारे असतील तर बंदूक जमा.

बापलेक पहाटे निघाले. काळी नदी उतरताना गुणानं लेकाच्या खांद्यावर हात ठेवला. "पाय घसरतो हितं," म्हणाला. उतरून गेल्यावर हात काढला नाही. बंदूक मात्र गुणाच्याच खांद्यावर होती.

कचेरीच्या ओसरीवर दहा-बारा जण आपापल्या बंदुका घेऊन उकिडवे बसले होते. कारकून चांगला माणूस होता, पण त्याला काम उरकायचं होतं. त्यानं बंदूक फिरवून बघितली, नळीच्या बुडाशी गंज खरवडला, नाक मुरडलं आणि नंबर ताडून पाहिला.

"वय काय, आजोबा?"

"पन्नास लिवा."

"लिहितो. डोळे कसे आहेत?"

"घारीचं हायेत."

ओसरीवर हशा झाला. कारकून दहा पावलं मागं गेला आणि त्यानं हात वर केला. "किती बोटं?"

परशू बापाच्या मागंच उभा होता. त्याला बोटं दिसत होती, तीन. त्याच्या मनात काय आलं ते त्यानं पुढं सुंदरीला सांगितलं. गप्प राहिलो असतो तर त्याच वेळी सगळं सुटलं असतं, असं आलं. आणि मग बंदूक गेली, भात गेलं, म्हातारा ओसरीवर सगळ्यांदेखत आंधळा ठरला, असंही आलं. त्यानं बापाच्या पाठीवर तीनदा बोट टेकवलं.

"तीन," गुणा म्हणाला.

"आता?"

दोनदा टेकवलं.

"दोन. सायब, रानातलं मान्स हाय मी. बोटं कसली दावता, पाखरू दावा."

कारकून हसला. शिक्का मारता मारता त्यानं सहज परशूकडं बघितलं. "हा मुलगा ना? वय?"

"कॅसलराकला गाडी आली त्या सालचा," परशूनं सांगितलं.

कारकुनानं मनाशी हिशेब केला. "म्हणजे पंचवीस झाली की. आजोबा, याच्या नावावर करून टाका आता. मुलगा जाणता आहे असं तुम्ही तोंडानं सांगायचं, तुमच्या बुदवंतानं दुजोरा द्यायचा, बस्स. नाहीतर एक लक्षात ठेवा, कागदावर ज्याचं नाव त्यानंच चालवायची. दुसऱ्याच्या हातात दिसली तर बंदूक जप्त आणि दोघेही आत."

परशूचं बोट अजून बापाच्या सदऱ्याला लागलेलं होतं.

"ह्यो?" गुणा म्हणाला. आवाज चढवून म्हणाला, ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा. "पोर हाय त्ये अजून. अंगानं वाढलं नुस्तं. समज न्हाई त्याला. आल्यावर बगू."

पुन्हा हशा झाला. कुणीतरी कानडीत काहीतरी म्हणालं आणि आणखी हसले. परशू पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभा राहिला. पंचवीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, आणि ज्याच्या बोटाच्या आधारानं बापाची अब्रू आत्ता वाचली तो. मला आजही त्या म्हाताऱ्याचा राग येतो.

परतताना नदीवर गुणानं खांद्यासाठी हात पुढं केला. परशूनं खांदा दिला.

घरी आल्यावर परशू सुंदरीला म्हणाला, "मी काय करू म्हंजे मला समज येल?"

"मामंजींचं काय मनावर घेताव," ती म्हणाली. "त्यास्नी भ्या वाटतं."

"कशाचं भ्या?"

"बंदूक गेली की त्यास्नी कोन बोलवतंय देवळात?"

परशूनं ऐकलं, पण राग ओसरला नाही. वरच्या खाचराचं भात तोवर निम्मं गेलं होतं. खालचं तेवढं पुरं उभं होतं, सहा तोंडांचं वर्षाचं खाणं. त्यात सुंदरीची म्हातारी आईही आली, जावयाच्या दारात पडलेली. आता खालच्यात डुकरं शिरली की मग जंगलातले कंद आणि ओंडके ओढणं, एवढंच.

दोन दिवसांनी दुपारी जेवून गुणा बुदवंताच्या घरी गेला, कचेरीतली घारीची गोष्ट सांगायला. परशूनं खुंटीवरची बंदूक काढली. चापाला दोरा नव्हता. बापाला वीस वर्षं बघून बघून त्याला सगळं पाठ होतं. त्यानं दारूचं माप ओतलं, काथ्या कोंबला, फणसातून काढलेलीच गोळी ठेचून गोल करून आत सारली आणि गजानं ठासली. दोरा त्यानं नळकांड्यातून काढला, बोटांत धरला आणि परत ठेवून दिला. तेवढं त्याच्यानं होईना. बाप जिता होता.

सुंदरी दाराशी उभी होती. "कुनी बघितलं तर?"

"बगू दे."

खालच्या खाचराच्या कडेला तो करवंदीच्या जाळीत बसला. ऊन उतरलं, गुडघ्यांवर डास बसायला लागले. अंधार पडायच्या आत एक डुकरीण कडेला आली, मागं तीन पिलं. परशूनं टोपी बसवली, घोडा मागं ओढला. डुकरीण बाजूनं वळली की बार सोडायचा. तेवढ्यात वाटेवर काठीची टकटक आणि ओळखीचा खोकला ऐकू आला. गुणा लवकर परतला होता.

डुकरीण तिथंच उभी होती. चापावर बोट होतं. पण बार काढला असता तर बापाला, बुदवंताला, अख्ख्या वाडीला कळलं असतं. परशूनं घोडा हळूच खाली घेतला, टोपी काढली आणि मागच्या परड्यातून धावत घरी आला. बंदूक खुंटीवर अडकवून तो पाण्याच्या घागरीशी जाऊन उभा राहिला तोच गुणा उंबऱ्यात. भरलेली गोळी काढायची तर गजाला स्क्रू लावून तासभर खटपट, नाहीतर बार काढायचा. दोन्ही आता होणार नव्हतं. त्या रात्री गुणा दमला होता, मचाणावर न जाता जेवून पडला.

सकाळी सांगू, असं त्यानं ठरवलं. बाप बोलेल ते ऐकून घेऊ.

सकाळी उजाडायच्या आत जंगलखात्याचा रखवालदार दारात आला. रस्त्यावर झाड पडलं होतं, वाडीतले सगळे बाप्ये लगेच हवेत. परशू कुऱ्हाड घेऊन निघाला तेव्हा गुणा झोपलेला होता. संध्याकाळी सांगू, असं म्हणून तो गेला. सुंदरीला सांगून गेला असता तरी चाललं असतं. पण सुंदरीला त्यानं हेही सांगितलं नव्हतं की बार काढलाच नाही. तिला वाटलं, एवढं घेऊन गेला ते रिकामी करूनच टांगली असणार. लांबून बार ऐकू आला नाही, पण ओढ्यावर कपडे आपटताना काय ऐकू येतं?

दिवसभर परशू करवत ओढत होता आणि मनाशी वाक्यं जुळवत होता. अप्पा, काल मी बंदूक घेतली. अप्पा, बंदूक भरलेली हाय. करवतीच्या दुसऱ्या टोकाला वाडीतलाच लाडू नावाचा गडी होता, तो म्हणाला, "काय पुटपुटतोयस?" परशू म्हणाला, "काय न्हाई."

तिसऱ्या प्रहरी गुणानं बंदूक खाली घेतली. चाप चाचपला. दोरा नव्हता. ज्या बंदुकीला वीस वर्षं दुसऱ्याचा हात लागला नाही, ती रिकामी आहे की नाही हे दोरा सांगतो. गज घालून बघायचं कारणच काय? त्यानं माप ओतलं, काथ्या कोंबला, गोळी सारली, गज मारला. गज नेहमीपेक्षा चार बोटं वर राहिला. त्यानं आणखी जोर करून ठासलं. मग नळकांड्यातून लाल दोरा काढून चापाला दोन वेढे दिले, गाठ मारली आणि मचाणाकडं निघाला. सुंदरीनं त्याला काठी दिली. त्यानं ती घेतली नाही.

परशू पळत वाडीच्या वळणावर आला तेव्हा सूर्य नुकताच गेला होता. आवाज झाला तो नेहमीचा नव्हता. डोंगरावर आपटून परत आला नाही. परशू मध्येच उभा राहिला, आणि मग त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून वाटेवरच्या बायका घरात पळाल्या.

गुणा मचाणाखाली पडला होता. डावा हात मनगटापासून नव्हता. नळी बुडाशी केळीच्या सालीसारखी फाटलेली, आणि तिचा एक तुकडा गळ्याखाली, हाडात रुतलेला. सुंदरीनं लुगड्याचा पदर फाडून मनगट आवळलं. चार जणांनी कांबळ्यात घालून घरी आणलं. हळद, चुना, राख, जे हाताशी होतं ते लावलं. वैदू म्हणाला, लोखंड काढलं तर मरंल, न्हाई काढलं तरी मरंल.

पहाटे गुणानं डोळे उघडले. जवळ परशूच होता. सुंदरी चुलीशी पाणी तापवत होती, तिनं सगळं ऐकलं.

"पोरा."

"अप्पा."

"गज वर ऱ्हायला व्हता. हाताला कळलं व्हतं मला." त्याला धाप लागली. "म्हनलं, हातबी म्हातारा झाला. आनि दाबलं." त्यानं लेकाकडं मान वळवली. "तू भरलेलीस?"

"व्हय."

"मग दोरा कशापाय न्हाई बांधलास?"

"त्यो तुमचा व्हता, अप्पा," परशू म्हणाला.

गुणानं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी कानाकडं गेलं. "माप बराबर घातलेलंस?"

"बराबर."

"हूं," गुणा म्हणाला. त्यानंतर दुपारपर्यंत तो पाणीच मागत राहिला.

दुपारी जमादार आला, बरोबर पाटील आणि बुदवंत. पाटलानं वर्दी पाठवलीच होती, पाठवावी लागतेच. जमादारानं फुटलेली बंदूक बघितली, नळीत काडी घालून अडकलेल्या दोन गोळ्या चाचपल्या आणि म्हणाला, "ही दोनदा भरली होती. दोन बार एकावर एक. कुणी भरली?"

बुदवंतानं पाटलाकडं बघितलं.

"परवाना म्हाताऱ्याचा," जमादार म्हणाला. "दुसऱ्या कुणी हात लावला असेल तर आत्ताच सांगा. म्हातारा गेला तर ते साधं राहणार नाही. मुलगा कुठं आहे?"

परशू पुढं झाला. "जमादार सायब, मी—"

"ए पोरा!" गुणा ओरडला. त्या गळ्यातून एवढा आवाज निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं. पट्टी लाल झाली. "गप. थोर मान्सं बोलत्यात तितं मदी तोंड घालू नको."

सगळे त्याच्याकडं वळले.

"लिवून घ्या, सायब. मला दिसत न्हाई. दोन सालं झाली, मी आंदळा हाय. सकाळी एकदा भरली, इसरलो. मागनं आनिक भरली. समज ऱ्हायली न्हाई मला." बुदवंत उभा होता त्या बाजूला त्यानं मान फिरवली. त्याला तो दिसत नव्हता, पण कुठं उभा आहे ते माहीत होतं. "ऐकलं न्हवं? मी आंदळा हाय."

"आणि मुलगा? त्यानं कधी चालवली?"

"त्यो?" गुणाला हसू आलं की कळ आली ते समजलं नाही. "पोर हाय त्ये. जल्मात हात लावला न्हाई त्यानं बंदुकीला. सुप्याला कारकुनाला इचारा, मी चारचौघांत सांगितलंय. समजच न्हाई त्याला."

जमादारानं परशूकडं बघितलं. "खरं आहे?"

परशूनं तोंड उघडलं. बापाचा उरलेला हात कांबळ्यावरून सरकत आला आणि त्याच्या पावलाला लागला. बोट तीनदा टेकलं. कचेरीत त्यानं टेकवलं होतं तसंच. परशूनं मान खाली घातली.

"खरं हाय," तो म्हणाला.

जमादारानं लिहिलं. वाचून दाखवलं. खाली साक्ष म्हणून परशूच्या डाव्या अंगठ्याला शाई लावून ठसा घेतला. बंदुकीचे तुकडे पोत्यात बांधले. नळकांड्यातला कागदही गेला. गुणा दुसऱ्या दिवशी पहाटे गेला. त्याच आठवड्यात खालच्या खाचरातलं भातही गेलं.

बाराव्याला माणसं जेवून बसली होती तेव्हा बुदवंतानं परशूला जवळ बोलावलं. "झालं ते झालं," म्हणाला. "वाडीला बंदूक पायजे. तू अर्ज दे. मी येतो सुप्याला, सांगतो, पोरगा जानता हाय. अप्पा काय, म्हातारपनी बोलून गेला. त्याचा राग धरू नको."

"न्हाई," परशू म्हणाला.

"अरं, पन कशापाय?"

"अप्पा बराबर बोलला."

लोकांना वाटलं, बापाचं बोलणं अजून झोंबतंय. कुणीतरी समजूत घालू लागलं. सुंदरी खरकटी पत्रावळ हातात घेऊन दाराआड उभी होती. तिला ओरडून सगळं सांगावंसं वाटलं, आणि तिनं ओठ आवळले.

उरलं होतं ते वरच्या खाचरातलं चार पायल्यांचं भात. ऊन उतरल्यावर परशू फुटका डबा आणि काठी घेऊन तिकडं गेला आणि अंधार पडेपर्यंत डुकरं हाकायला डबा बडवत बसला.